नाइट शिफ्टची दुपार

माझे यजमान स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर होते, आणि नाइट शिफ्टचा माणूस दुपारी झोपतो. त्यामुळे प्लांटच्या क्वार्टरांच्या आमच्या सेक्टरमध्ये दुपार म्हणजे बायकांनी तोंड मिटून काढायचा वेळ. कुकर लावायचा नाही, डाळ पातेल्यात शिजवायची. घंटीचं बटण आतून बंद ठेवायचं. आणि बंद दार दुपारी ठोकायचं नाही, हे तर लहान पोरांनाही ठाऊक. भांडणसुद्धा आम्ही कुजबुजत करायचो. राग फारच चढला की मी मागच्या अंगणात जाऊन ओल्या चादरी पिळायची. शेजारीण भिंतीवरून बघायची आणि हळूच म्हणायची, "चादर फाडतं का वं आज?" तिच्या घरीही शिफ्टच होती. तिला सगळं कळायचं.

रिटायर झाल्यावर आम्ही हुडको कॉलनीत घर घेतलं, शेजारीणही मागच्याच गल्लीत आली. तिचा नवरा आधीच वारला होता. माझे गेल्या हिवाळ्यात गेले. पुण्यानुमोदनाच्या विधीपर्यंत घर भरलेलं होतं, मग एकेक जण पांगला, मुलगाही नोकरीवर परतला. त्या दिवसांत मी रडले ती पदर तोंडात कोंबून. पुढे तेवढंही रडू आलं नाही.

आणि शेजारीण येईना. सकाळ कशीबशी जायची, पण दुपार खायला उठायची. एकटीपुरती भाजी करायला जमत नाही, सकाळचीच संध्याकाळी खायची. मुलगा फोनवर सांगायचा, "आई, राग आला की लांब श्वास घे, मनात आकडे मोज." मी मोजायची. श्वास लांब व्हायचा, तिच्यावरचा राग होता तिथेच. खरं सांगायचं तर तो राग नव्हताच, तिची आठवण होती. पण राग धरला की निदान उठून भांडी तरी घासली जातात, आठवणीनं हातपायच गळतात.

रविवारी बुद्धविहारात ती दिसली की मी मान फिरवून दुसऱ्या रांगेत बसायची. तीही जवळ येत नव्हती. फोन करायला दोघींचा ताठा आडवा. एवढी एकच माझी म्हणावी अशी होती, तीही गेली असं मी धरून चालले.

उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी फोन वाजला. सिलिंडरवाला माझ्याच दारातून बोलत होता, "अम्मा, कब से घंटी बजा रहा हूँ!"

मी घंटीच्या बोर्डाकडे पाहिलं. बटण बंद होतं. रिटायर झाल्यावरही यजमानांची दुपारची झोप सुटली नव्हती, आजारपणात तर ती वाढलीच. सकाळचा चहा झाला की बंद करायला माझा हात बटणावर जायचा, दिवेलागणीला पुन्हा चालू करायला. ते गेल्यावर हाताला कोणी सांगितलंच नव्हतं.

सिलिंडर दारात तसाच ठेवायला लावून मी चपला घातल्या.

शेजारणीनं दार उघडलं, पण 'ये' म्हणाली नाही. मी उंबऱ्यातूनच विचारलं, "तू आली होती का वं माझ्याकडं?"

"कितीक खेपा आली! घंटी वाजवून वाजवून वापस गेली. मले वाटलं, तुले कोणाचं तोंडच पाहाचं नाही. मंग विहारातबी तू मान फिरवली."

"मंग दार ठोकाचं ना!"

"दुपारच्या वेळी?" ती म्हणाली. आणि बोलता बोलता तिचा आवाज चढला, "पाय दुखून राहिले माये, तरी येत होती मी! तुले एकडाव बाहेर पाहाले काय झालं?"

माझं बोट आपोआप ओठांवर गेलं. "हळू बोल वं, हे उठतील..."

मग तिनं माझं बोट धरून खाली केलं.

"कोण उठते वं आता?"

तेव्हा मी रडले. भर दुपारी, तिच्या उघड्या दारात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.