काठीला दोन बोटं

तुमच्या घरी कुणी गुडघा बदलून आलंय का? आलं असलं तर खरं सांगा, त्या माणसाला तुम्ही चालवलं, का खाटेवर देवासारखं मांडून ठेवलं?

साखरा गावच्या चांगुणाबाईला मांडून ठेवलं होतं. वय अडुसष्ट. चाळीस वर्षं शेळ्या-मेंढरांमागं माळ तुडवला, उजवा गुडघा पार खलास झाला. नांदेडला ऑपरेशन झालं, झकास झालं. दुसऱ्याच दिवशी तिथं तिला वॉकर धरून चालवलं. पण घरी आली आणि गावानं ताबा घेतला. रोज कुणीतरी भेटायला. हातात चार केळं, तोंडात फुकटचा सल्ला. "नवा गुडघा हाय बाई, जपून वापर. झिजला तर पुन्हा कुठून आणशील?" पोरगा शिवहार आईवर जीव टाकणारा. त्यानं तिचा पाय जमिनीला लागू दिला नाही. व्यायामाचा कागद होता, पण इंग्रजीत. तो एक्स-रेच्या पाकिटात गेला तो गेलाच. या घरात इंग्रजी कागद देणाऱ्याला काय म्हणावं, ते मी इथं लिहीत नाही.

दोन महिन्यांत गुडघा बरा झाला आणि बाई मोडली. मोरीपर्यंत जायचं तर भिंत चाचपायची. एकदा उंबऱ्यात तोल गेला, सून वैष्णवीनं कमरेला धरलं म्हणून वाचली. त्याच दिवशी शिवहारनं ठरवलं, आता शेळ्या बंद. सिद्धेश्वर गावचा मामा, म्हणजे चांगुणाबाईचा भाऊ संतराम, येईल आणि अकराच्या अकरा आपल्या कळपात घालून नेईल. चांगुणाबाई भिंतीकडं तोंड करून पडली. शेळ्या गेल्यावर उठायचं कुणासाठी?

वैष्णवीनं ते तोंड पाहिलं. "मामाला दीड महिना थांबवा," असं नवऱ्याला सांगून तिनं सासूला ऑटोत बसवलं आणि सेनगावचा सरकारी दवाखाना गाठला. तिथं आठवड्यातून एकदा व्यायाम शिकवायला मोहिनी मॅडम यायची. पंचविशीची पोरगी. तिनं पाय वाकवून, दाबून पाहिला.

"आजी, गुडघा पक्का हाय. तोल झोपलाय, त्याला उठवू."

"तोल काय कोंबडा हाय व्हय, उठवायला?"

आधी कट्टा धरून दोन्ही पाय जुळवून उभं राहायचं. मग पावलापुढं पाऊल. मग एका पायावर, दहा मोजेपर्यंत. एका पायावर म्हटल्याबरोबर चांगुणाबाई हसली. "अगं, कळपामागं सारा जन्म असाच काढला!" तिनं काठी रोवली, एका पायाचा तळवा दुसऱ्याच्या पोटरीला लावला आणि ऐटीत उभी राहिली. मोहिनीनं काठीला हात लावून पाहिला. हलेना.

"आजी, ही काठी उभी हाय, तुमी न्हाई. काठीला दोनच बोटं. आन पायाकडं नका बघू, समोर बघा."

म्हातारीला झोंबलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शेळ्यांच्या वाड्यापाशी गेली, एक हात कुडाला, दोन बोटं काठीला. मागं वैष्णवी. आकडे मोजायचा सासूला कंटाळा, म्हणून ती शेळ्यांची नावं घेऊ लागली. काबरी, बांडी, तांबडी... तिसऱ्या नावाला पाय खाली.

"आये, पडशील!" शिवहार ओरडला.

"मी हाय मागं," वैष्णवी म्हणाली. "तुमी पुढून सरका."

रोज सकाळ-संध्याकाळ. पंधरा दिवसांत सहाव्या नावापर्यंत गेली, मग कुडाचा हात सुटला. दीड महिन्यानं संतराम आला.

"अक्का, तुझ्या पोरी सासरी न्यायला आलो."

"माझ्या हातानं बाहेर काढते, मग ने."

तिनं वाड्याचं फाटक उघडलं. शेळ्या बाहेर उसळल्या, काबरीनं मांडीला धडक दिली. चांगुणाबाई डुलली. वैष्णवीचा हात पुढं आला आणि तिथंच थांबला, कारण म्हातारीनं एक पाऊल बाजूला टाकून स्वतःला सावरलं होतं. मग तिनं काठी वैष्णवीकडं दिली, नव्या गुडघ्याच्या पायावर उभी राहिली आणि अकराही नावं घेतली.

"मग मला काहून बोलावलं रे भाच्या?" संतराम म्हणाला.

शिवहारनं मान खाली घातली. "जेवून जा, मामा."

शेळ्या राहिल्या. पहिलं पिल्लू झालं तेव्हा चांगुणाबाई ते मोहिनीला द्यायला कडेवर घेऊन सेनगावला गेली. मोहिनी हसत सुटली. "आजी, हिंगोलीत दुसऱ्या मजल्यावर राहते मी, हिला बांधू कुठं?"

"मग माझ्याजवळ राहील. पर मला उभं कुणी केलं, ते मी इसरणार न्हाई." तेव्हापासून तिच्या मोजणीत बारावं नाव आहे, त्या पिल्लाचं: मोहिनी. ते घेतल्यावर वैष्णवीकडं बघितल्याशिवाय ती पाय खाली टेकवत नाही.

तेव्हा एवढं करा. तुमच्या घरातल्या एक्स-रेच्या पाकिटातला तो कागद आजच काढा, दवाखान्यात जाऊन समजून घ्या, आणि आपल्या म्हाताऱ्या माणसाच्या मागं हात धरायला उभे राहा. केळं नंतर न्या.