भिंगरीतली चिमणी

चिमणी हे नाव तिला आईने ठेवलेलं नव्हतं. ते दादांनी ठेवलं, आणि तेही तिच्याकडे धड न बघता. तळघरातल्या तालमीच्या खोलीत चार मुली भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, एसीचं पाणी कोपऱ्यातल्या बादलीत टपटपत होतं, आणि दादा खुर्चीवर उलटे बसून एकेकीकडे बोट दाखवत होते. "तू जिराफ. तू राणी. तू भोपळा, पण भोपळा राहायचं नाही, लवकर काकडी व्हायचं. आणि तू..." बोट तिच्यावर आलं तेव्हा दादांची नजर तिच्या कॉलरवर होती. "तू चिमणी. ही कॉलर कुणी शिवली गं?"

"आईने."

"बोलाव तिला आत."

आई बाहेर जिन्यावरच बसली होती. बाजारामागच्या गल्लीत तिचं शिवणाचं दुकान होतं. दोन मशिनं, एक आरसा आणि मापाला येणाऱ्या बायकांसाठी एक पडदा, एवढ्यात ते भरून जायचं. मागच्या खोलीत दोघी मायलेकी राहायच्या. नवरा कधीच निघून गेला होता. त्याचा विषय निघाला की आई म्हणायची, "माप घ्यायलाच चुकले मी," आणि पुन्हा पायडल मारायला लागायची. मुलगी त्या मशिनांच्या खडखडाटात गायला शिकली. खडखडाट वाढला की आवाज वर न्यायचा, एवढंच तिचं गाण्याचं शिक्षण. त्यामुळे तिचा आवाज बारीक पण धारदार झाला होता, दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाईल असा.

दादांनी आईला काय विचारलं ते तिला कळलं नाही. आई बाहेर आली ती हसत. "घेतलं तुला," म्हणाली. आणि मुलीने जिन्यावरच आईला मिठी मारली. आता आईचे कष्ट संपले, असं तिला वाटलं. आपल्या गळ्याने आईला वर काढलं, असं तिला वाटलं.

बँडचं नाव भिंगरी. दादा त्याचे मालक, आणि सगळ्यांनी त्यांना दादाच म्हणायचं असा त्यांचा हट्ट. आवाज चढवून ते कधी बोलले नाहीत. तालमीच्या दाराशी त्यांनी वजनकाटा ठेवला होता. रोज आत येताना चौघींनी त्यावर उभं राहायचं आणि आकडा मोठ्याने वाचायचा. जिचा आकडा वर गेला तिने त्या दिवशी तोंड भिंतीकडे करून नाचायचं. बहुतेक वेळा भिंतीकडे तोंड भोपळ्याचंच असायचं.

चिमणी काही खाल्लं तरी काडीच राहायची. तिला काट्याची भीती नव्हती, म्हणून तिला मजा वाटायची. भोपळा रडायला लागली की चिमणी तिच्या हुंदक्यांची नक्कल करायची, तीही सुरात. जिराफ आणि राणी पोट धरून हसायच्या. दादा म्हणायचे, "हिच्यात स्टार आहे." एकदा भोपळा तिला म्हणाली, "तू तरी हसू नकोस ना गं, दौऱ्यावर आपण एकाच बाकावर झोपतो." त्यावर चिमणीने तेच वाक्य, त्याच रडक्या आवाजात, दिवसभर म्हणून दाखवलं. काही आठवड्यांनी भोपळा तालमीला आली नाही. तिच्या जागी दुसरी भोपळा आली. ती बारीकच होती, पण नाव तेच राहिलं. पहिलीचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. चिमणीनेही नाही.

मग ते गाणं आलं. बस चुकलेल्या मुलीचं, उड्या मारत म्हणायचं गाणं. शेवटच्या कडव्यात एक वरचा सूर होता, आणि तिथे बाकी तिघी थांबायच्या आणि चिमणी एकटी वर जायची. कॅसेटच्या दुकानांतून, रिक्षांतून, शाळांच्या संमेलनांतून, जिकडे तिकडे तो सूर ऐकू यायला लागला. चिमणीच्या उजव्या गालावर एक ठळक तीळ होता. आता शाळेतल्या मुली उजव्या गालावर पेनाने ठिपका काढून फिरायला लागल्या. एका दुकानाच्या उद्घाटनाला गर्दीने तिच्या बाहीचा तुकडाच तोडून नेला. आईने तो पोशाख हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "शिवणीवर नाही फाटलेला, कापडावर फाटलाय. माझी शिवण शाबूत आहे."

आई आता भिंगरीची कपडेवाली झाली होती. सगळ्या तिला मावशी म्हणायच्या. प्रत्येक कार्यक्रमात ती पडद्यामागे उभी असायची, तोंडात टाचण्या, मनगटाला सुयांची गादी. तिने लेकीला कधी समोरून गाताना पाहिलं नाही. तिचे डोळे टिपांवर असायचे.

तिसऱ्या वर्षी चिमणीचा घसा बसायला लागला. आधी सकाळपुरता, मग दिवसभर. घशाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, "गाठी आल्यात. काही महिने गाणं बंद. आत्ता ऐकलं नाहीत, तर नंतर ऐकायलाही काही उरणार नाही."

दादांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "डॉक्टर गातो का?" त्यांनी विचारलं. "शनिवारी स्टेडियम आहे. कार्यक्रम टीव्हीवर जाणार, चॅनेलवाल्यांनी अट घातलीय, टेप चालणार नाही, खरं गायचं. शनिवार झाला की हवी तेवढी झोप."

शनिवारी मेकअपच्या खोलीत आई तिच्या पाठीचे हुक लावत होती. चिमणीने आरशातून आईकडे पाहिलं. उरलासुरला आवाज गाण्यासाठी राखायचा होता म्हणून ती ओठांनीच म्हणाली, "आई, सांग ना त्यांना." आईने पाहिलं. आईला ते समजलंही. तोंडातली टाचणी काढून आई म्हणाली, "श्वास आत घे," आणि शेवटचा हुक लावला.

त्या वरच्या सुरापर्यंत सगळं कसंबसं निभावलं. तिथे बाकी तिघी थांबल्या, चिमणी एकटी वर गेली, आणि ताणलेलं कापड टर्रकन फाटावं तसा तिचा आवाज फाटला. मग कुठेतरी एक मूल हसलं. मग सगळंच स्टेडियम हसलं. पुढच्या रांगांतल्या मुलांनी त्या फाटक्या आवाजाची नक्कल सुरू केली, आणि बघता बघता हजारो तोंडांतून ती एकच घोगरी किंकाळी उठली. टीव्हीवाल्यांनी तो तुकडा आठवडाभर दाखवला, कार्टूनच्या संगीतावर बसवून.

ऑपरेशन झालं. बोलायची सक्त मनाई. आईने शेजारच्या दुकानातून एक पाटी आणून दिली. चिमणी मागच्या खोलीत पाटी मांडीवर घेऊन बसायची, आणि पुढे आई मशीन चालवायची, भिंगरीच्याच कपड्यांवर.

एके दिवशी आई म्हणाली, "उद्या दुपारी एक मुलगी मापाला येणार आहे. तुझ्या जागेवरची. तुला नको असेल तर आत बस, दार ओढून घे."

चिमणीने पाटीवर लिहिलं, "तू करणार?"

"मी नाही केलं तर दुसरी कुणी करेल," आई म्हणाली. "मग दोघी घरी बसू. चालेल?"

मुलगी आली. वय जेमतेम सतरा, केस चिमणीसारखेच कापलेले, कपाळावर झालर. चिमणीचाच टिकल्यांचा निळा पोशाख तिच्या अंगावर चढवून आई कंबर आत घेत होती. चिमणी दारात येऊन उभी राहिली, तशी ती मुलगी एकदम लाजली.

"ताई, मी तुमची केवढी फॅन आहे! दादा म्हणाले, तुम्ही स्वतःच मला बसवणार आहात सगळं. हात कसे, मान कशी. गळा तर तुमचाच राहणार, टेपवर. या वेळी चॅनेलवालेही टेपला हो म्हणालेत. मी नुसते ओठ हलवणार." मग तिने चिमणीच्या गालाकडे वाकून पाहिलं. "तीळ खरा आहे तुमचा? मला रोज काढावा लागणार. तुम्ही एकदा जागा दाखवाल का?"

आईचे हात थांबले. चिमणीने गल्ल्यावरची मेकअपची पेन्सिल उचलली, मुलीची हनुवटी अगदी मायेने धरली आणि तिच्या डाव्या गालावर ठिपका काढला. नीट, गोल, ठळक. चिमणीचा स्वतःचा तीळ उजव्या गालावर होता. मुलगी आरशात बघून खूश झाली, कारण आरशातली ती आणि आरशाबाहेरची चिमणी, दोघींचा तीळ एकाच बाजूला दिसत होता. आईने मात्र बघितलं. पुन्हा ती कंबरेला टाचण्या लावायला लागली.

तो आठवडा चिमणीने जीव मुठीत धरून काढला. हे जगाला कळणार, पेपरात येणार, लोक ओरडणार, खोटी आहे ही! कार्यक्रम टीव्हीवर लागला. निळा पोशाख, कपाळावर झालर, डाव्या गालावर तीळ. चिमणीचा जुना सूर टेपवरून वर गेला, आणि स्टेडियम टाळ्यांनी दणाणलं. निवेदक म्हणाला, "आपली चिमणी बरी होऊन परत आली!"

कुणाच्याही लक्षात आलं नाही. दादांच्याही नाही. काही दिवसांनी चिमणी औषध आणायला निघाली, तर शाळा सुटलेली होती. रस्त्यावरून येणाऱ्या मुलींच्या गालांवर पेनाचे ठिपके होते. डाव्या गालांवर.

आवाज परत आला तो जाड, खरखरीत, जुन्या आवाजाशी नातं न सांगणारा. तरी ती दादांकडे गेली. "मी खालचे सूर गाईन," ती म्हणाली. "मागे उभी राहीन. नाव दुसरं द्या."

दादांनी तिला चहा मागवला. "चिमणी आहे माझ्याकडे," ते हळुवारपणे म्हणाले. "आणि हे बघ, तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्यासारखे आवाज मला त्या दिवशी रांगेत दहा मिळाले होते. मला हात हवा होता, तुझ्या आईचा. तिने सांगितलं, पोरीला घ्या, म्हणजे मी येते. मी घेतलं. फसवलं कुणी कुणाला नाही. चहा घे."

ती तडक दुकानात आली. आई काज करत होती.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तशी गायली असतीस का?" आई म्हणाली, आणि दोरा दाताने तोडला.

त्या दिवसापासून मुलगी आईशी बोलायची बंद झाली. गिऱ्हाइकांशी बोलायची, वाण्याशी बोलायची, रस्त्यावरच्या कुत्र्याशी बोलायची. आई समोर आली की पाटी उचलायची. पुढे पुढे पाटीही नको झाली, नुसत्या खुणा. मीठ हवं असलं की बोट. दार लावायचं असलं की मान. आईने एकदाही तक्रार केली नाही. ती एकटीच बोलत राहायची, उत्तराची वाट न बघता.

दादांना पुढे तयार कपडे स्वस्त पडायला लागले, आणि आईचा हातही थरथरायला लागला होता, टिकल्यांच्या ओळी वाकड्या जायच्या. एका सकाळी भिंगरीचा ड्रायव्हर आला आणि आईची मोठी कात्री एका पिशवीत ठेवून गेला. निरोप काही नव्हता. आई पिशवी मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. मुलीने कित्येक महिन्यांनी पाटी काढली आणि लिहिलं, "आता कळलं?" आईने वाचलं. उठून ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि तिची तिला परत दिली.

मुलीला काम मिळालं ते खोकल्यामुळे. परदेशी कार्टूनला आपल्या भाषेत आवाज द्यायचा एक स्टुडिओ होता, भिंतींना गोधड्या लावलेला. तिथे ती लहान मुलाच्या आवाजासाठी गेली, माईकसमोर उभी राहिली आणि खोकली. काचेपलीकडची दिग्दर्शिका उठून उभी राहिली. "पुन्हा खोका," ती म्हणाली. त्या खोकल्यातून चेटकीण निघाली. पोरांना पिंजऱ्यात घालणारी, त्यांच्या रडण्याची नक्कल करणारी चेटकीण. नक्कल तिला शिकवावी लागली नाही. मुलं टीव्हीसमोर उशीत तोंड खुपसायला लागली. रस्त्यात तिला कुणी ओळखत नव्हतं, आणि ते तिला बरं वाटायचं. भिंगरी तोवर मोडली होती. नवी चिमणीही जुनी झाली होती.

एकदा स्टुडिओतली वीज गेली म्हणून ती भर दुपारीच घरी आली. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. आतून तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. चेटकीण गडगडाटी हसत होती. "कोण आहे रे तिकडे?" चेटकिणीने विचारलं.

"मीच आहे गं," आई म्हणाली.

मुलगी वाकून पडद्याआडून बघायला लागली. आई टीव्हीच्या अगदी जवळ स्टूल ओढून बसली होती, हात मांडीवर.

"तुला मी आता खाऊनच टाकते!" चेटकीण म्हणाली.

"खा बाई. सकाळपासून काही खाल्लेलं नसणार तू," आई म्हणाली. "घसा दुखतो का गं अजून? इतकं ओरडायला लावतात."

जाहिरात लागली. आई गप्प बसून जाहिरात संपायची वाट बघत राहिली.

मुलीने मुद्दाम शटर वाजवलं. आईने गडबडीने टीव्ही बंद केला, आणि लवकर कशी आलीस, असं विचारून, उत्तर येणार नाही हे ठाऊक असल्यामुळे तशीच स्वयंपाकाकडे वळली. तिने ताट वाढलं. दोघी समोरासमोर बसल्या. मुलीने पहिला घास घेतला, चावला, गिळला. तिच्या चेहऱ्यावर काही मऊपणा नव्हता. वर न बघता, त्याच चेटकिणीच्या आवाजात, कारण आता तिला दुसरा आवाजच नव्हता, ती म्हणाली:

"भाजी खारट झालीय."

आईचा हात ताटावरच राहिला. मग ती घाईने उठली, लेकीच्या ताटातली भाजी पातेल्यात परत ओतली, पातेलं गॅसवर चढवलं, त्यात पाणी घातलं आणि पाठ फिरवून ढवळत उभी राहिली.

"उद्या बेताचं घालते हं," ती म्हणाली. "उद्या बघ."