रत्नागिरीत समुद्रातून उगवणारा सूर्य

मला नाटक केल्याशिवाय शिकवता येत नाही. त्यामुळे भाषेच्या तासालाही मुलांना कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख करून द्यायची, असं शाळेत ठरलं तेव्हा बाकीच्यांनी कपाळाला हात लावला आणि मी मात्र खूश झालो. मी नववीच्या वर्गात कोर्टच भरवलं. डस्टर आपटणारा न्यायाधीश मी, पंच अख्खा वर्ग आणि आरोपी निबंध.

विषय होता ‘बंदरावरची सकाळ’. मुलांच्या निबंधांत मी यंत्राकडून लिहून घेतलेले दोन मिसळले होते. नाव न सांगता वाचायचं आणि पंचांनी ओळखायचं, माणूस की यंत्र.

दोन्ही यंत्रं लगेच पकडली गेली.

“कशावरून?” मी गरजलो.

“सर, जेटीवर गेलाय नि मासळीचा वासच नाय!”

“शाब्बास! यंत्राला नाक नसतं.”

मग मी आवाज खाली आणला. “पंचहो, एक तिसराही आहे. तो मी घातलेला नाही. कुणीतरी घरी बसून यंत्राला कामाला लावलंय.” आणि नाकातून, गळा काढून वाचायला लागलो, “अथांग सागराच्या कुशीतून रविराज हळूच डोकावतो...” इथे मी थांबलो, भुवया उंचावल्या. “रत्नागिरीत? समुद्रातून? अरे, आपल्याकडे तो समुद्रात बुडतो!”

वर्ग बाकं बडवून हसला. मलाही फार मजा येत होती.

दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. तिचे वडील तांडेल आहेत, मासेमारीची बोट तेच हाकतात.

“तो माझा आहे, सर. मी लिहिलाय.”

“फोनने लिहिलाय,” मागून कुणीतरी म्हणालं.

“फोनने नाय!” ती तिकडे वळली, मग माझ्याकडे. “सर, आठवीत मी लिहिलं होतं की सूर्य डोंगरामागून येतो, नि वासाने डोकं भणभणतं. तुम्ही ते खोडलंत. म्हणालात, निबंधात घाण नको, सौंदर्य हवं. हे रविराजाचं वाक्य तुम्हीच फळ्यावर लिहून दिलंत.”

खरं होतं. हे वाक्य मी दर वर्षी लिहून देतो. मागच्या बाकावरच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. तिच्या आधीच्या किती मुलांकडून मी हा सूर्य उगवून घेतला असेन!

मला काय सुचावं? मी टेबलाच्या पुढे आलो, कान धरले, एक गुडघा टेकला आणि म्हणालो, “देवी, या पामराला क्षमा!” टाळ्या पडल्या. शिट्टीसुद्धा.

ती हसली नाही. “नाटक नको, सर. मी लिहिलाय, एवढंच सांगा ना त्यांना.”

उठताना माझा गुडघा वाजला. मी वर्गाकडे वळलो आणि म्हणालो, “निबंध हिनेच लिहिलाय. चूक माझी आहे.” हात कुठे ठेवावेत ते कळेना. इतकं साधं वाक्य मी त्या वर्गात कधी बोललोच नव्हतो.

मग सावरासावर म्हणून विचारलं, “बाय, तुझ्या नावासकट बाहेरच्या फलकावर लावूया?”

“नको, सर,” ती घाईने म्हणाली. “शनिवारी पालकसभा आहे. बाबा वाचतील, नि त्यांना ठाऊक आहे सूर्य कुठून येतो.”

मी कागद घडी करून तिच्या हातात दिला. तिने तो न बघताच दप्तरात कोंबला.