काकांचा गुडघा

आमच्या काकूकडे कुणीही गेलं की दारातच ऐकू येई, "ये, बस, जीभ दाखव." चहा त्यानंतर. जीभ पांढरी निघाली तर चहाऐवजी कोमट पाणी. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्याने तर एकदा सिलिंडर खांद्यावर असतानाच जीभ काढली होती. बिचाऱ्याला लवकर सुटायचं होतं.

तिचं सांगणं चुकीचं नसे, हे मान्य करायलाच हवं. घसा धरला की मिठाच्या गुळण्या, जुलाब झाले की मीठ-साखरेचं पाणी, आणि बरं वाटलं म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. दुखणं अंगावर काढणाऱ्यावर तर ती तुटून पडे. फक्त स्वतःची वेळ आली की, "मला काय धाड भरलीय!"

इकडे काही महिने तिला जिना चढताना दम लागत होता. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वर आली की दाराला टेकून उभी राही आणि किल्ली शोधण्याचं नाटक करी. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणे, "वय झालं. आता काय उड्या मारू?" मला खरंच भीती वाटायची. पण तिला दवाखान्यात नेणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं.

त्यातच काकांचा गुडघा सुरू झाला. काका स्कूटर दुरुस्त करायचे, दिवसभर उकिडवं बसून काम. त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. काका इतकं कमी बोलत, की त्यांचं दुखणं डॉक्टरांनाही काकूच सांगे. आता ते जिन्याच्या प्रत्येक वळणावर उजवा गुडघा धरून म्हणत, "थांब गं जरा." काकू पिशवी खाली ठेवी, त्यांच्यावर रागावे आणि रागावता रागावता धापा टाके. मग दोघं पुढचा मजला चढत. एके दिवशी त्यांनी चक्क डावा गुडघा धरला.

"दुखणं फिरतंय," काकूने निदान केलं.

रोज रात्री गरम पाण्याच्या पिशवीने शेक सुरू झाला. तरी फरक पडेना, तेव्हा "अंगावर काढू नका" असं बजावत तिने काकांना दवाखान्यात ओढून नेलं. सोबत मी होते.

"काय होतंय?" डॉक्टरीणबाईंनी काकांना विचारलं.

"जिन्यात थांबावं लागतं हो यांना," काकू म्हणाली. "प्रत्येक मजल्याला."

बाईंनी गुडघा वाकवला, दाबला, ठोकून पाहिला. मग दुसरा. "दोन्ही ठणठणीत आहेत."

"मग दुखतो कसा?"

"ते त्यांना सांगू दे."

काकूने सवयीने तोंड उघडलं. काकांनी हात वर केला.

"दुखत नाही," ते म्हणाले. "कधी दुखलाच नाही. दम हिला लागतो. थांब म्हटलं तर ही थांबत नाही, मी थांबलो की थांबते. इथेही माझ्यासाठीच आली असती. म्हणून."

काकांना सलग इतकं बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. काकू त्यांच्याकडे पाहतच राहिली.

"आणि मी रोज शेकत होते ते?"

"बरं वाटायचं," काका म्हणाले.

बाई हसू दाबत काकूकडे वळल्या. "जीभ दाखवा."

काकूची जीभ आम्ही आयुष्यभर ऐकली होती, पाहिली कुणीच नव्हती. ती पार फिकट निघाली. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, तर तिथेही तेच. अंगात रक्त फार कमी होतं. का कमी झालं, ते तपासण्यांतून कळणार होतं. "आणखी अंगावर काढलं असतंत तर हृदयाला झेपलं नसतं," बाई म्हणाल्या. काकूने तपासणीचा कागद घेतला आणि काकांचा हात धरून खुर्चीवरून उठली. मला रडू आवरेना.

घरी परतताना ती दुसऱ्या मजल्यावर आपणहून थांबली. "अहो, थांबा. दम लागलाय मला."

एवढ्यात वरून शेजारीण उतरली. "काय झालं हो?"

काकांनी झटकन गुडघा धरला.

"उजवा हो," काकू हळूच म्हणाली, "उजवा."