राजुरा ते भामरागड : मोटारसायकलवर, तीस वर्षं उशिरा

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी पुन्हा मोटारसायकल चालवायची ठरवलं, तेव्हा माझी मुलगी सुजाता म्हणाली, "आई, तुले काही झालं तं मी कोनाले सांगू?"

"हाडाच्या डॉक्टरले सांग," मी म्हटलं.

गाडी ह्यांची. हे गेल्यापासून दोन वर्षं पेरूच्या झाडाखाली ताडपत्री पांघरून उभी होती. लग्नानंतर मी कायम तिच्यावर मागेच बसले, एका हाताने पिशवी आणि एका हाताने पदर धरून. मला ती चालवता येते हे राजुऱ्यात कुणाला ठाऊकच नव्हतं. कोळसा खाणीतल्या बापाने आपली जुनी मोटारसायकल मला लग्नाआधीच दिली होती, कारण माझी नर्सची पहिली नेमणूक भामरागडच्या पलीकडच्या गावांसाठी होती आणि तिथे बस जात नव्हती. पांढरी टाकी होती तिची. मी तिच्यावर लाल नेलपॉलिशने फुलीचं चिन्ह काढलं होतं, आणि त्या भागात मला सगळे ‘गाडीवाली बाई’ म्हणायचे.

वाचणाऱ्यांनी फसू नये म्हणून जाण्याचं कारण आधीच सांगते. ही जंगल बघायची सहल नव्हती. नाल्यापलीकडच्या एका गावात पेके नावाची बाई होती, माझ्याच वयाची, लालसूची बायको. पहिलटकरीण. पोटात बाळ आडवं होतं. मी तिला बजावलं होतं, दुखायला लागलं की निरोप पाठव, मी येतेच. ऑगस्टात, बाजाराच्या दिवशी एका म्हाताऱ्याने निरोप आणला. त्याला मागे बस म्हटलं तर गाडीला घाबरला, डोंगरातल्या वळशाच्या पाऊलवाटेने चालत येतो म्हणाला. मी एकटीच निघाले. नाल्याला पूर होता तरी गाडी घातली. मधोमध चाक सरकलं, गाडी वाहून गेली आणि मी जांभळाची फांदी धरून अलीकडच्याच काठाला लागले. औषधांची पिशवी मात्र खांद्याला शाबूत होती.

रात्र एका मचाणाखाली काढली. सकाळी पाणी उतरून गुडघाभर झालं होतं. गाव तीन किलोमीटर पुढे होतं, भामरागड अकरा किलोमीटर मागे. मी त्या पाण्यात पाय टाकला नाही. वळले आणि अकरा किलोमीटर चालत मागे आले. भामरागडच्या डॉक्टरांना सांगितलं, पूर होता. पूर कधी उतरला, हे त्यांनी विचारलं नाही. मी तापाने फणफणले होते, म्हणून त्याच दिवशी एका ट्रकमधून मला घरी पाठवलं. अडीच महिन्यांनी, रस्ता उघडल्यावर, उडत उडत कळलं की पेके गेली, बाळही गेलं. मी बदली मागून घेतली, ती मिळालीही. त्यानंतर हँडलला हात लावला नाही आणि ही गोष्ट ह्यांनाही कधी सांगितली नाही.

आता रिटायर झाले. हे नाहीत. लालसू जिवंत असेल तर त्याला सांगायचं, एवढंच ठरवलं होतं. कारने जा, असं सुजाता म्हणत होती. पण त्या नाल्यापर्यंत मला दुसऱ्या कुणी नेलेलं चाललं नसतं.

शिकायला पंधरा दिवस लागले. बुद्धविहारामागच्या मोकळ्या मैदानावर पहाटे जायचे. क्लच पायाला नव्हे, हाताला असतो, हे माझ्या हाताला आठवत होतं. गुडघ्यांना काहीच आठवत नव्हतं. दोनदा पडले. विहार झाडायला येणाऱ्या बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ताई, आता नातवंडं खेळवाचं सोडून हे काय करून राह्यल्या?" नातवंड नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मंग चालवा."

पहिला दिवस. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी सात वाजता निघाले. राजुऱ्याहून वर्धा नदीचा पूल ओलांडला की बल्लारपूर. पहिली पाळी सुरू झालेली, रस्त्यावर डबेवाल्या दुचाक्यांची रांग आणि हवेत कागद कारखान्याचा तो वास. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या गावांना असाच वास येतो. पुढे कोठारीपासून जंगल लागतं आणि थंडी एकदम बोटांत शिरते. या दिवसांत जाणार असाल तर हातमोजे घ्या. मी घेतले नव्हते आणि गोंडपिपरीपर्यंत हात काखेत घालायला तीनदा थांबले. पळस नुकता पेटायला लागला होता. तीस वर्षांपूर्वी याच रस्त्याने मी गाणी म्हणत जायचे. या वेळी तोंडातून आवाज निघाला नाही.

वैनगंगेचा पूल ओलांडला की आष्टीला चहाची टपरी आहे. तिथे गरम भजी आणि चहा तीस रुपयांत झालं. टपरीवाल्याने गाडीच्या मागे वाकून पाहिलं.

"बाई, एकल्याच? भाऊ कुठी गेले?"

"वरती गेले," मी म्हटलं.

तो ओशाळला. चहाचे पैसे घेईना. मी बळेच दिले, तर म्हणाला, "पुढं लोखंडाच्या मातीचे ट्रक हायेत, बाई. ट्रक आला का गाडी खाली उतरवाची. आपला मान मोठा, पन ट्रक त्याच्याहून मोठा."

खरंच होतं ते. आष्टी ते आलापल्ली रस्ता लोहखनिजाच्या ट्रकांनी खाल्लेला आहे आणि लाल धूळ दातांत कचकचते. चाळीस किलोमीटरला मला अडीच तास लागले. आलापल्लीत मुक्काम करा, टाकी इथेच पूर्ण भरा, पैसेही इथेच काढून घ्या. सहाशे रुपयांत खोली मिळाली, गरम पाण्याची बादली मागितली तर मिळते. कंबर अशी धरली होती की चप्पल काढायला खाटेवर आडवं व्हावं लागलं. सुजाताचा फोन आला. सगळं उत्तम आहे म्हणून सांगितलं.

दुसरा दिवस. आलापल्ली ते भामरागड साधारण पासष्ट किलोमीटर. उंच सागवान, मधेच बांबू, आणि मोबाईलला रेंज नाही. वाटेतल्या चौकीवर नाव-गाव विचारतात. ओळखपत्र वर ठेवा म्हणजे पिशवी उपसावी लागत नाही. "कशाला चालल्या?" शिपायाने विचारलं. "ओळखीचे आहेत," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

पेरमिली सोडली की रस्त्याच्या कडेला उभे दगड दिसायला लागतात, कुठे एक, कुठे सात-आठ. अनोळखी माणसाला ते मैलाचे दगड वाटतील. इथले माडिया आदिवासी माणूस गेला की त्याच्या नावाने दगड उभा करतात आणि त्याच्या वापरातल्या वस्तू तिथे ठेवतात. नवं पीक आलं की आधी त्या दगडापाशी मूठभर भात जातो. कृपा करून त्यांना टेकून फोटो काढू नका.

भामरागडात जेवले. भात, वरण, टमाट्याची चटणी, शंभर रुपये. पर्लकोटा नदी या दिवसांत इतकी शहाणी दिसते की पावसाळ्यात ती सगळ्या गावाचा संपर्क तोडून टाकते हे सांगूनही कुणाला पटणार नाही. तिथून अकरा किलोमीटर कच्चा रस्ता. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

नाला कोरडा होता. मधे वाळूत पाण्याची एक चिंचोळी रेघ. जांभळाचं झाड शोधलं, ते नव्हतं. गाडी बंद करून मी अलीकडच्या काठावर बराच वेळ बसले आणि रडले. मग पहिल्या गिअरमध्ये टाकून पलीकडे गेले. अर्धा मिनिट लागला असेल.

गावात शिरताना पहिल्याच घरापाशी तिशीच्या आतली एक बाई धान पाखडत होती. तिने रैनी असं नाव सांगितलं. आश्रमशाळेत शिकलेली, आता गावची आशा कार्यकर्ती. लालसूबद्दल विचारलं तर म्हणाली, "माहा बाप हाय. तुमी कोन?" पेकेनंतर लालसूने दुसरं लग्न केलं होतं, ही त्या बायकोची मुलगी.

मी म्हटलं, "मी इथे नर्स होते. गाडीवाली बाई."

तिच्या हातातलं सूप थांबलं. ती आत धावली. लालसू बाहेर आला. केस पांढरे झालेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्याने मला पाहिलं, गाडीला पाहिलं, पुन्हा मला पाहिलं आणि माडियात काहीतरी बोलला.

"तो विचारते," रैनी म्हणाली, "तुमी मेल्या नाई काऊन?"

मला काही समजेना. लालसू चालू लागला, मी मागे निघाले. गावाबाहेर, मी आले त्याच रस्त्याच्या कडेला मोहाखाली दोन दगड होते. येताना मी त्यांच्या शेजारून गेले होते. रैनीने आधी उंच दगडाला, मग ठेंगण्याला हात लावला. "ही पेके. हे तुमी."

दुसरा दगड माझ्या कमरेइतका होता. त्याच्या पायाशी एक गंजलेली पेट्रोलची टाकी पडली होती. रंग कुठेच उरला नव्हता, पण उजव्या बाजूचा पोचा मी ओळखला. तो मीच पाडला होता, शिकताना, बापाच्या अंगणात.

रैनीने लहानपणापासून ऐकलेलं सांगितलं. निरोप घेऊन आलेल्या म्हाताऱ्याने परत येऊन सांगितलं की बाई त्याच्याआधीच निघाली होती. पाणी उतरल्यावर गाडी नाल्यात खाली सापडली. पुढे दोन महिने गाव तुटलेलं होतं, आणि माझ्या जागी दोन वर्षं कुणी आलंच नाही. "आता कोनाले विचाराव? गाडी हाय, बाई नाई. बाप म्हने, आपल्या बाईसाठी मेली, तं आपल्याच मान्सांत ठेवू. मी पोरगी होती तवापासून दर साली भात ठेवते तुमाले."

तीस वर्षं. मी तिकडे राजुऱ्यात लग्न केलं, मुलगी वाढवली, निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेतला आणि इथे माझ्या नावाने भात ठेवला जात होता. वाटलं, गप्प बसावं. देव न मानणाऱ्या माझ्यासारख्या बाईलाही क्षणभर वाटलं की ही माफी वरूनच ठेवून दिली आहे, उचलावी आणि घरी जावं. पण मग आलेच कशाला होते?

मी रैनीला म्हटलं, "मी सांगते ते जसंच्या तसं सांग. काही गाळू नको." आणि सांगितलं. फांदी, पिशवी, सकाळचं पाणी, अकरा किलोमीटर.

रैनी मधेच थांबली. "हे बी सांगू?"

"हेच सांग."

लालसूने ऐकलं.  मग मोडक्या मराठीत स्वतःच विचारलं, "सकाळी पानी किती?"

मी गुडघ्याला हात लावला.

तो म्हणाला, "पेके दुपारवरी होती. बाई येते, बाई येते म्हने."

मी खाली बसले. माफ कर म्हणायचं ठरवून आले होते, ते शब्द तोंडातून आलेच नाहीत. कुणाला म्हणणार होते? जिला म्हणायचं ती दगडापलीकडे होती.  मोहाची फुलं पडायला अजून महिना होता, झाडाखाली नुसती वाळली पानं होती.

शेवटी मीच म्हटलं, "हा दगड काढून टाका. तो माझा नाही."

रैनीने विचारलं. लालसूने मान हलवली. "दगड काढत नाई," ती म्हणाली. मग तो लांबलचक बोलला, रागाने की कशाने ते मला कळलं नाही. रैनीने खाली बघत सांगितलं, "बाप म्हनते, जिवंत मान्साले इथी भात ठेवत नाई. आतापासून ठेवाचा नाई. भूक असन तं घरी चाला."

घरी गेले. भात आणि कोरडी मासळी रैनीने पानाच्या द्रोणात वाढली. लालसू माझ्याबरोबर जेवला नाही, अंगणात पाठ करून बसून राहिला. पण मी जेवेपर्यंत उठलाही नाही. निघताना त्याने टाकी आणून माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली, सुतळीने आवळून बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. माझ्याकडे न बघता आत गेला. रैनी नाल्यापर्यंत चालत आली. मी तिला विचारलं, या वर्षी गावात कुणाचे दिवस भरत आलेत? तिने दोघींची नावं सांगितली. "पावसाच्या आधी दोघीले भामरागडले नेऊन ठेवतो," ती म्हणाली. "मी वाट पाहत नाई कोनाची."

तिसरा दिवस परतीचा. आदल्या दिवशी अंधार पडता पडता आलापल्लीला परतले होते; तिथून राजुरा, पुन्हा तीच धूळ. आष्टीच्या टपरीवाल्याने मागे बांधलेली टाकी पाहिली आणि न मागता चहा पुढे केला. एकूण साडेतीनशेच्या वर किलोमीटर झाले, गाडीने कुठेही दगा दिला नाही. त्या रात्री सुजाताला सगळं सांगितलं. ती उठून आत गेली आणि बऱ्याच वेळाने येऊन माझ्या कमरेला बाम लावून गेली.  दोन दिवसांनी तिनेच विचारलं, "पेके दिसायले कशी होती?" मी आठवेल तेवढं सांगितलं.

टाकी पेरूच्या झाडाखाली आहे. घासली नाही, रंगवणारही नाही.

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलंच, तर नाला ओलांडल्यावर डाव्या हाताला, मोहाखाली दोन दगड दिसतील. उंच दगड पेकेचा. तिथे गाडी बंद करा, जरा थांबा. शेजारच्या ठेंगण्या दगडापाशी थांबायचं कारण नाही. तो जिच्या नावाचा आहे, तिच्यात आणि पेकेमध्ये फक्त गुडघाभर पाणी होतं, आणि ती आली नाही.