मामा दर गुरुवारी केजला का जातात?

कपिलधारचा धबधबा बघायला निघालोय, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. घाटनांदूरचे माझे मामा, निवृत्त शिक्षक, वय शहात्तर. मूलबाळ नाही, मामी गेल्यापासून एकटेच राहतात. हे मामा हल्ली दर गुरुवारी इस्त्रीचा सदरा घालून केजला जातात, ही बातमी ताईपर्यंत पोचली होती. "कुणीतरी बाई आहे. घर नावावर करून घेईल, आपल्याला पत्ताही लागणार नाही," ताई म्हणाली. "तू जाऊन बघ."

पुण्याहून नगर, जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा असा रस्ता धरला. जामखेडपर्यंत ट्रकांची रांग, पुढे बराच मोकळा. मांजरसुंब्याजवळ कपिलधारला वळलो. दिवाळी उलटून गेल्यामुळे धार बारीक झाली होती. जायचं असेल तर पावसाळ्यातच जा आणि सुट्टीचा वार टाळा. माझं तसंही पाण्याकडे लक्ष नव्हतं. मामांना काय विचारायचं, तेच डोक्यात घोळत होतं.

घाटनांदूरला पोचलो तेव्हा गल्लीतल्या कितीतरी घरांना कुलपं होती, माणसं ऊसतोडीला गेलेली. मामांनी स्वतः भाकरी थापली, येसर मसाल्याची झणझणीत आमटी केली. जेवताना मी घरभर नजर फिरवत होतो. आरशापाशी अत्तराची कुपी दिसली. मामांनी केसही काळे केले होते.

"काय हुडकायलास?" मामांनी विचारलं.

"काही नाही. उद्या काय बेत?"

"केजला काम हाय."

"मी सोडतो गाडीनं."

"कावून? अंबाजोगाईपस्तोर जीपा हायत की. पुढं एसटी."

मी हट्ट सोडला नाही. केजच्या बाजारापाशी ते उतरले आणि म्हणाले, "तू चहा पी, मी आलोच." मी गाडी लावली आणि त्यांच्या मागे निघालो. दोन गल्ल्या ओलांडून ते एका निळ्या दाराच्या घरात शिरले. दार उघडंच होतं. आत पांढऱ्या केसांच्या एक बाई पुस्तक वाचून दाखवत होत्या आणि मामा डोळे मिटून ऐकत होते.

"आत या की," बाई म्हणाल्या. "भाचे ना तुम्ही? नाक तेच हाय."

मामांचा चेहरा उतरला. त्या रशीदाबाई, उर्दू शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. पुस्तक एका पॅलेस्टिनी कादंबरीचा उर्दू अनुवाद होतं. त्या आधी उर्दूतून वाचायच्या, मग मामांसाठी मराठीतून सांगायच्या. बायको वारलेला, गाव सुटलेला एक म्हातारा समोरच्या घरातल्या विधवेवर जीव टाकतो. त्याला स्वतःच्या थरथरत्या हातांची लाज वाटते, तरी तो रोज खिडकीत बसतो. गोष्ट एवढीच.

मामा दूध आणायला उठले, तशी मी संधी साधली. "बाई, स्पष्ट विचारतो. मामांकडून तुम्हाला काय पाहिजे?"

त्यांनी चष्मा काढला. "माझा मुलगाबी हेच विचारतो, की त्या मास्तरला काय पाहिजे. पुढच्या आठवड्यात मला हैदराबादला न्यायला येतोय." मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या मामांनी लग्नाचं विचारलं होतं. मी न्हाई म्हणाले. एक माणूस मातीला दिलाय. पुन्हा तेवढी हिंमत न्हाई."

हे उत्तर त्यांनी आधीच तयार ठेवलं असेल, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

मामा परतले आणि वाचन पुढे सुरू झालं. अंधारून आलेल्या जिन्यात ती विधवा आधारासाठी म्हाताऱ्याचं मनगट धरते. जिना संपतो, तरी ती हात सोडत नाही.

"परत वाचा तेवढं," मामा म्हणाले.

रशीदाबाईंनी परत वाचलं. मध्येच थांबून त्यांनी चष्मा पुसला. मी जमिनीकडे बघत राहिलो.

परतीच्या वाटेवर अंबाजोगाई आल्यावर मामांनी विचारलं,

"ताईनं धाडलं ना तुला?"

मी गिअर बदलला.

"घराचं भ्या हाय तुमाला. घर तुमालाच ऱ्हाईल, मी मेल्यावर." त्यांनी खिडकीची काच खाली केली. "पर अजून मेलो न्हाई मी."

पुण्यात पोचल्या पोचल्या ताईचा फोन आला. "काय निघालं?" रशीदाबाईंचं नाव आणि वाचनाचं ऐकून तिचा आवाज बारीक झाला. "वाचतात?" ती म्हणाली. "नुसतं वाचतात?" घराचा विषय मिटला होता, पण त्या खोलीत मी जे पाहिलं ते फोनवर कसं सांगायचं, ते कळत नव्हतं.

त्यानंतर रशीदाबाई हैदराबादला गेल्या. कादंबरीची शेवटची दोन प्रकरणं राहिली होती, म्हणून पुस्तक त्यांनी मामांपाशीच ठेवलं. परवा मामांना फोन केला, तर कळलं, त्यांनी पहिलीच्या मुलांचं उर्दूचं पुस्तक आणलंय आणि रोज सकाळी अक्षरं गिरवतात.

"लई अवघड हाय," ते म्हणाले. "सगळं उजवीकडून."

"बाईंचा फोन येतो का?" मी विचारलं.

"न्हाई."

ते 'न्हाई' इतक्या झटकन आलं, की माझा त्याच्यावर बिलकूल विश्वास बसलेला नाही. ताईला मात्र मी हे सांगितलेलं नाही.