आमचं भात, त्यांचे पापड

लग्न होऊन मी पेणला आले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. जो उठेल तो खुल्या बाजारावर बोलत होता. आमच्या दोन घरांत तो बाजार आधीच सुरू झाला होता. माहेर रोह्याजवळच्या खेड्यात, भाताची शेती. सासर पेणच्या रामवाडीत, आणि सासूबाईंचे पोह्याचे पापड म्हणजे अख्ख्या आळीत नाव. बाबा भाताची गोण एसटीच्या टपावर टाकून पेणला धाडायचे. सासूबाई ते भात गिरणीत देऊन पोहे करून आणायच्या, पोह्यांचं पीठ, पिठाचे पापड, आणि त्यातले काही पत्र्याच्या उभ्या डब्यात भरून रोह्याला परत.

आता डबा काही आपल्या पायांनी जात नाही. तो मांडीवर घेऊन मी जायचे. सासूबाई वाईट नव्हत्या हो, पण सुनेनं उगाच माहेरी कशाला जायचं, हे त्यांचं ठाम मत. डबा पोचवायला जाणं मात्र उगाच नव्हतं. तो निघाला की मी निघायचे, रोह्याला चार दिस लोळायचे, आईकडून केसांना तेल चोपडून घ्यायचे. डबा नाही तर माहेर नाही, असा सरळ हिशेब होता.

हा सुरळीत चाललेला व्यापार बिघडवला कोणी, तर आमच्या ह्यांनी. हे शाळेत भूगोल शिकवायचे. शाळेतलं शाळेत ठेवावं की नाही माणसानं? सुट्टीत एकदा माझ्याबरोबर रोह्याला आले आणि जेवताना पापड मोडत बाबांना म्हणाले, "तुमचं घर म्हणजे कच्चा माल निर्यात करणारा देश. आमचं घर म्हणजे कारखानदार देश."

"व्हय का?" बाबांना कौतुक वाटलं. "मग यात फायदा कुनाचा?"

जावई म्हणून आलेल्या माणसानं इथं भात कालवावा आणि गप्प बसावं. पण मास्तरच ते. म्हणाले, "कारखानदाराचा. कच्चा माल स्वस्तात जातो, पक्का होऊन महाग परत येतो. म्हणून तर कच्च्या मालाचे देश गरीब राहतात."

बाबांचा पापड हातातच राहिला. "म्हंजे गोणभर जातं नि डबाभर येतं."

"अवो, जावयाच्या घरचं हाय ते," आई म्हणाली.

"तू गप गो."

मी ह्यांना पाटाआडून असा चिमटा काढला की आठवडाभर वळ राहिला असेल. तर हे मलाच सांगतात, "अगं, पुस्तकात आहे ते." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुढच्या सुगीनंतर भात आलंच नाही. बाबांचा निरोप आला, यंदा आमचे पापड आम्हीच करणार. सासूबाईंनी निरोप ऐकला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "करू देत की." मग रिकामा डबा फडताळावर उलटा घालून ठेवला. मी भीत भीत विचारलं, मी नुसतीच जाऊन येऊ का. "उगाच कशाला?" एवढंच उत्तर.

रोह्यातल्या कारखान्याचं काय झालं ते आईनं मला पुढे सांगितलं, हसता हसता तिला ठसका लागला. पापडाचं पीठ मळून उखळात कुटतात आणि त्याचे छोटे गोळे करतात, त्याला लाटी म्हणतात. ही लाटी कच्च्या तेलात बुडवून खाल्ली की पापड लाटायची इच्छाच उरत नाही. हे सासूबाईंना पक्कं ठाऊक. त्या कामाला आलेल्या बायकांना आधी पोटभर जेवू घालायच्या, मगच पोळपाटाला हात लावू द्यायच्या. बाबांना हे कोण सांगणार? सगळ्या बायका उपाशीपोटी सकाळीच येऊन बसल्या. बाबा मालक, तेव्हा मीठ त्यांनी बघितलं. मग बायकांनी तिखट बघितलं. शेजारचे काका म्हणाले, हिंग कमी वाटतो, आणि हिंग घातल्यावर तो पुरेसा झाला का, हेही त्यांनाच बघावं लागलं. उन्हं वर येईपर्यंत निम्मं पीठ पोटात गेलं होतं. उरलेल्याचे पापड खळ्यात वाळत घातले, ते पोरांनी ओलेच उचलले. जे हाती लागले ते भाकरीएवढे जाड. बाबांनी तळलेला एक कसाबसा चावला, "झ्याक हाय," म्हणाले आणि तांब्याभर पाणी प्यायले. पडलो तरी नाक वर!

इकडे पेणातही काही खरं नव्हतं. सासूबाईंनी बाजारातून भात आणलं, त्याच्या पोह्यांचा झाला चुरा. त्या गिरणीवाल्याच्या नावानं बोटं मोडत होत्या. रोह्याच्या भाताचं नाव मात्र तोंडातून काढलं नाही.

मी रोज फडताळ पुसायचे आणि डब्याकडे बघून रडायचे. पापडाच्या डब्यासाठी रडणारी पेणात मी एकटीच असेन. बाबांचा तर इतका राग आला होता. भाताचा मान राखला, आणि त्या डब्याबरोबर लेक येते हे ह्या माणसाला दिसलंच नाही.

एका दुपारी बाबा दारात उभे. खांद्यावर गोण, सदरा घामानं चिंब. सासूबाईंनी पाणी दिलं, पाट दिला, आणि मग विचारलंच, "काय व्याही, पापड संपले वाटतं?"

"रग्गड हायत. घरीच केले ना."

"मग भात कशाला आणलंत?"

बाबांनी पेला खाली ठेवला. मला वाटलं, आता पुन्हा कच्चा माल आणि पक्का माल सुरू होणार. पण ते हळू आवाजात म्हणाले, "ईहीणबाय, पापडाचं काय नाय. हिची आई रोज पेणच्या गाडीच्या टायमाला फाट्यावर जाऊन उभी ऱ्हाते. डबा रिकामा धाडलात तरी चालंल. पण पोचवाया हिला धाडा."

सासूबाई उठल्या. मला वाटलं, डबा काढतील. त्या फडताळाकडे गेल्याच नाहीत. माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "बघत काय राहिलीस? पिशवी भर. आणि यापुढे जावंसं वाटलं की सांगायचं, डब्याची वाट बघायची नाही."

मी पिशवीत काय भरलं ते मला आजही आठवत नाही. बाबा आणि मी रोह्याच्या एसटीत बसलो. नागोठण्याला एसटी थांबली तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दोन पापड तरी मागून घ्यायाचे व्हते, बाय. आमचे काय खाववत नायत."